परदेशातील खासगी शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी : एजंटचे दीड लाख आणि माझ्या शंका

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातील आहे. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले, पुढे बी.ए., इंग्रजी विषयात एम.ए. आणि त्यानंतर बी.एड. केले. गेली सात वर्षे एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. पगार १४,००० रुपये आहे आणि मे महिन्याचा मिळत नाही. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर नाव नोंदवले आहे, अभियोग्यता चाचणी दोनदा दिली, परंतु दोन्ही वेळा निवडयादी माझ्या गुणांच्या अलीकडेच थांबली.

गेल्या महिन्यात मुंबईतील एका एजन्सीकडून प्रस्ताव आला. थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन शहराजवळ, एका खासगी शाळेत प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, दरमहा ३२,००० बाट आणि राहायला खोली. रुपयांत हिशेब केला तर ही रक्कम आजच्या पगाराच्या पाचपटीहून अधिक होते. एजन्सीला एकूण दीड लाख द्यायचे असून त्यांपैकी ५०,००० आताच भरायचे आहेत. ‘तुम्ही पर्यटक म्हणून या, बाकीचे कागद शाळा तिथे करून घेईल,’ असे त्यांचे म्हणणे आहे.

असे जाणे योग्य आहे का, एवढे पैसे देणे रास्त आहे का, आणि मराठी माध्यमातून आलेल्या बाईचे इंग्रजी तिथले पालक स्वीकारतात का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. घरी केळी आणि कापसाची शेती आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. यजमानांची हरकत नाही, सासूबाईंची आहे.

हतनूर

ताई, मी मूळचा भुसावळचा असून सहा वर्षांपासून थायलंडमधील एका खासगी शाळेत शिकवतो. सर्वांत आधी एक विनंती करतो की ते ५०,००० आज भरू नका, आणि भरले असतील तर पावती जपून ठेवा.

पर्यटक म्हणून येऊन वर्गात उभे राहणे हे तिथे बेकायदा आहे. सरळ मार्ग असा असतो की शाळा तुम्हाला नियुक्तिपत्र देते, स्वतःच्या परवान्याची प्रत देते आणि खासगी शाळा असल्यामुळे तिथल्या खासगी शिक्षण आयोगाचे पत्रही मिळवते. या कागदांवर तुम्ही भारतातूनच ‘नॉन-इमिग्रंट बी’ प्रकारचा व्हिसा काढता, तिथे पोहोचल्यावर शाळा वर्क परमिट काढून देते, आणि त्यापुढे दर ९० दिवसांनी आपला पत्ता कार्यालयाला कळवत राहावे लागते. पर्यटक म्हणून आलेल्या शिक्षकाचे कागद नंतर झालेच नाहीत, आणि तो व्हिसासाठी लाओसच्या सीमेवर खेपा घालत राहिला, अशी उदाहरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पकडले गेल्यास दंड आणि परतीचे विमान शिक्षकाच्या नशिबी येते, एजंटच्या नव्हे.

दुसरी बाब शिक्षक परवान्याची. ‘खुरुसफा’ ही तिथली शिक्षक परिषद आहे. ज्यांच्याकडे केवळ पदवी असते त्यांना ती दोन वर्षांची तात्पुरती परवानगी देते आणि तिचे नूतनीकरण किती वेळा होईल याला मर्यादा असते. तुमच्याकडे बी.एड. आहे, आणि तिथल्या शाळेच्या दृष्टीने ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्या अनेक तरुणांकडे ती नसते. मात्र इंग्रजी ही आपली मातृभाषा नसल्यामुळे आपल्याकडे टोईक किंवा आयेल्ट्स परीक्षेचे गुण मागतात. ती परीक्षा येथूनच देऊन जावे.

पगाराबाबत स्पष्ट लिहितो. तिथे एकाच शाळेत एकाच कामाचे दोन दर असतात. गोऱ्या शिक्षकाचा दर वेगळा, आणि फिलिपिन्स किंवा भारतातून आलेल्यांचा वेगळा. माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या, दोन वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला माझ्यापेक्षा अधिक पगार होता, आणि त्याच्या पाठांची टाचणे मी तयार करून देत असे. हे पचवता येणार असेल तरच यावे. मी पचवले, कारण माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायचे होते.

चोपडा_नाका

दीड लाख भरून नोकरी मिळणार असेल तर आपल्या तालुक्यातील संस्थाचालकांना इतकी वर्षे आपण उगाच नावे ठेवली. अर्थात येथील आकड्यात आणखी एक शून्य असते, हे नम्रपणे नमूद करतो.

निवृत्त_मुख्याध्यापक

चोपडा नाका यांचा विनोद बोचरा आहे, पण खोटा नाही.

बोरीकाठ ताई, मी ३४ वर्षे अध्यापन केले. आपल्याकडील माणूस पोटासाठी फार तर सुरतेला जातो. उधना-लिंबायतमध्ये अर्धा खानदेश सापडेल. केरळच्या शिक्षकांचे तसे नाही. हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत केरळचे शिक्षक मोठ्या संख्येने शिकवत होते, आणि त्यांच्या पुढच्या पिढीने आखात गाठले. त्यांच्याकडे गावात कोणीतरी आधी गेलेला असतो, तो कागद तपासून देतो, उतरल्यावर घ्यायला येतो. आपल्याकडे हा आधी गेलेला माणूस नसतो, म्हणून त्याच्या जागी एजंट येऊन बसतो, आणि जे ज्ञान नात्यागोत्यात फुकट मिळाले असते त्याचे दीड लाख मागतो.

तरीही माझे मत न जाण्याकडे आहे. ज्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी शिकवले त्या तालुक्यातील एम.ए., बी.एड. शिक्षिका थायलंडच्या मुलांना रंगांची आणि प्राण्यांची नावे पाठ करून घेणार, हे मनाला रुचत नाही. आपल्या मुलांनाही इंग्रजी येत नाही.

सातपुड्याची_लेक

सर, आपला आदर राखून लिहिते. आपल्या मुलांना इंग्रजी येत नाही ही खंत खरी आहे, परंतु ती दूर करण्याची किंमत १४,००० रुपयांत आणि मे महिना बिनपगारी राहून एकट्या शिक्षिकेने का चुकवावी? शिक्षणसेवकाचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले, आणि तेही मान्यताप्राप्त पदावर. विनाअनुदानित शाळेतील शिक्षिकेला तेवढाही आधार नाही.

आता मूळ विषयाकडे येते. मी रावेर तालुक्यातील आहे आणि नऊ वर्षांपासून दुबईतील एका खासगी भारतीय शाळेत इंग्रजी शिकवते. ताईंनी आखाताचा विचार का केला नाही, हे मला समजले नाही. सीबीएसईच्या शाळेत मुले भारतीय, पालक भारतीय आणि पुस्तके ओळखीची असतात, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षकच हवा असा हट्ट तिथे नसतो. बी.एड. मात्र काटेकोरपणे पाहतात. शाळा एप्रिलमध्ये सुरू होत असल्यामुळे मुलाखती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात, तेव्हा आत्तापासून कागद तयार करायला तुम्हाला पुरेसा वेळ आहे.

कागदांची साखळी लांब आहे. पदवी आणि बी.एड.चे प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाकडून आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित व्हावे लागते. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे प्रमाणित कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आला आणि अनेक देशांसाठी एका शिक्क्यावर काम भागू लागले, पण अमिरात त्या करारात नसल्यामुळे दूतावासाची पायरी चुकत नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट आपल्या हातून घेत नाही, त्यासाठी नेमलेल्या संस्था आहेत. मी हे सर्व स्वतः केले, आणि एजंटने सांगितलेल्या रकमेच्या एक तृतीयांशात झाले.

एक खास आपल्या भागातील अडचण सांगून ठेवते. आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. माझ्या प्रमाणपत्रावर जुने नाव होते आणि पडताळणीच्या अर्जातील यादीत नवे. ‘हे विद्यापीठ यादीत नाही,’ असा ई-मेल आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. नामविस्ताराच्या अधिसूचनेची प्रत जोडली आणि आठवड्यात काम झाले. ती प्रत आधीच काढून ठेवावी.

करार वाचताना एकूण पगारापेक्षा मूळ वेतनाकडे लक्ष द्या. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते, म्हणून काही शाळा मूळ वेतन लहान ठेवतात आणि भत्ते फुगवतात. मी पहिल्या करारात हे पाहिले नाही. दुसऱ्या शाळेत जाताना हिशेब हाती आला, तेव्हा समजले.

पांझरा

हतनूर आणि सातपुड्याची लेक यांनी प्रत्यक्षातले लिहिले आहे. मी केवळ इच्छुक म्हणून दोन वर्षे नियम वाचत बसलो होतो, त्याचा उपयोग कोणाला तरी होवो.

दक्षिण कोरियातील खासगी शिकवणी संस्थांना परकीय भाषा शिक्षकाच्या व्हिसावर इंग्रजीसाठी केवळ सात देशांचे नागरिक घेता येतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हे ते सात देश. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक करारामुळे भारतीय शिक्षकांना शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक होण्याची तरतूद आहे, पण त्या वाटेने गेलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. चीनमध्येही इंग्रजीसाठी मातृभाषिकच मागतात, आणि जुलै २०२१ च्या धोरणानंतर तिथल्या खासगी शिकवणी वर्गांचा मोठा बाजार एका झटक्यात बसला.

मला सर्वाधिक लागला तो जपानचा नियम. मातृभाषा इंग्रजी नसेल तर भाषा शिक्षकाच्या व्हिसासाठी किमान बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असावे लागते. मी धुळ्याच्या मराठी शाळेत शिकलो. पुढे इंग्रजीत एम.ए. केले, पण त्यामुळे बारा वर्षे भरत नाहीत. आमच्या वर्गातील जी मुले गणितात नापास होत म्हणून इंग्रजी माध्यमातून मराठीत आली, त्यांच्यापेक्षाही मी या नियमात मागे पडलो. ब्रिटनचे तर वेगळेच आहे. २०२३ पासून भारतीय शिक्षकांना इंग्लंडमधील पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवण्याची वाट खुली झाली, परंतु ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषांसाठी. इंग्रजांना आपल्याकडून गणित हवे आहे, इंग्रजी नको आहे.

लळिंग

यात गैर काय आहे? आपणही अहिराणी शिकायला इंग्रज मास्तर ठेवणार नाही.

मेहरूण

मला आलेला अनुभव थोडा कडू आहे, म्हणून लिहावे की नाही याचा विचार करत होतो.

मी जळगावचा. चार वर्षांपूर्वी व्हिएतनाममधील एका खासगी भाषा केंद्रात गेलो. तिथल्या कायद्यानुसार कामाचा परवाना हवा, आणि त्यासाठी पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी हे सर्व कायदेशीररीत्या प्रमाणित करून द्यावे लागते. मी कागद घेऊन गेलो होतो. केंद्राने ते ठेवून घेतले आणि पुढील सात महिने ‘अर्ज केला आहे’ एवढेच सांगितले. मुले दिवसा शाळेत असल्यामुळे केंद्राचे तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात, म्हणजे सारे जग सुट्टीवर असते तेव्हा आपण वर्गात. तासाला पैसे मिळत, म्हणून नववर्षाच्या सुट्टीत वर्ग बंद राहिले त्या पंधरवड्यात हाती काहीच आले नाही.

परंतु मनात राहिले ते दुसरेच. पालकांना दाखवण्याचा एक नमुना-तास असतो. माझा तास चांगला झाला, मुले हसत-बोलत होती. तास संपल्यावर व्यवस्थापिकेने मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले की पुढच्या वेळी तास मी घ्यावा, पण पालकांसमोर उभे राहायला दुसऱ्याला पाठवले तर चालेल का. दुसरा म्हणजे एक रशियन मुलगा. त्याचे इंग्रजी माझ्या नववीतल्या विद्यार्थ्यासारखे होते. मी ‘चालेल’ म्हणालो. ते का म्हणालो, याचा विचार अजूनही अधूनमधून येतो.

ताई, भाषा केंद्र आणि नियमित खासगी शाळा यांत फरक आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या प्रस्तावात शाळा लिहिले असले तरी प्रत्यक्षात केंद्र निघू शकते.

हतनूर

मेहरूण, हे आपण लिहिलेत ते बरे झाले. ‘चालेल’ मीही अनेकदा म्हटले आहे.

अनुस्वार

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आपल्या इंग्रजीकडे, कोणी नीट पाहिलेले नाही. मी उच्चारशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, सहन करावे.

थाई भाषेत प आणि त्याचा महाप्राण (श्वासाच्या झोतासह उच्चारलेला प), त आणि थ, क आणि ख हे भेद आपल्याप्रमाणेच आहेत. इंग्रजीत मात्र शब्दाच्या आरंभीचे प, ट, क हे श्वासाचा झोत सोडून उच्चारले जातात, आणि थाई लोक इंग्रजी शब्द लिहिताना त्यासाठी थाई लिपीतले महाप्राण अक्षर वापरतात. आपण ‘पेन’ हा शब्द मराठी प ने, झोताविना उच्चारतो. अमेरिकन माणसाला ते केवळ भारतीय वळण वाटेल, परंतु थाई मुलाला तिथे वेगळे अक्षरच ऐकू येईल. म्हणून जाणाऱ्याने पहिली तयारी करावी ती तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हणण्याची. कपटा हलला पाहिजे. आपल्या मूर्धन्य ट-डचेही तसेच आहे, जीभ थोडी पुढे आणावी लागते. दोन महिन्यांच्या सरावाने हे जमते.

दुसरी बाजू आपल्या लाभाची आहे. थाई मुले स आणि ट यांच्यामध्ये एक अ घालतात, ‘स्टॉप’चे ‘सतॉप’ करतात, आणि शब्दाच्या शेवटच्या लचा न करतात, म्हणजे ‘फुटबॉल’चे ‘फुतबॉन’ होते. आपल्या वर्गातले मूल ‘इस्कूल’ म्हणते तेव्हा जोडाक्षरासमोर जीभ अडल्यामुळे ते स्वराचा टेकू घेते, एवढेच. जळगावला जयगाव आणि केळीला केयी म्हणणाऱ्या मुलांकडून ज्या बाईंनी सात वर्षे ‘स्कूल’ म्हणवून घेतले, त्यांना ‘सतॉप’चे औषध ठाऊक आहे. ज्याला हा अडथळा कधी लागलाच नाही तो फक्त मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतो.

निवृत्त_मुख्याध्यापक

अनुस्वार, मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. ‘इस्कूल’चे ‘स्कूल’ करणारे शिक्षक मी अनेक पाहिले आणि त्यांतील बहुतेकांनी ते पट्टीच्या जोरावर केले. स्वतःला लागलेली ठेच आठवणारा शिक्षक दुर्मीळ असतो.

अनुस्वार

मान्य आहे, सर. थायलंडमध्ये पट्टी चालणार नाही, एवढेच ताईंना सांगून ठेवतो. शक्य असल्यास सेल्टा हा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम करावा. १२० तासांचा असून त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गात, परीक्षकासमोर शिकवावे लागते. घरबसल्या मिळणाऱ्या १२० तासांच्या स्वस्त प्रमाणपत्रात मूल कुठेच नसते.

गिरणा_धरण

पैशाचा आणि कायद्याचा मुद्दा मागे पडला आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो. दीड लाख हा आकडा ऐकल्याबरोबर ताईंनी नोंदणी क्रमांक मागायला हवा होता. तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.

दहावी उत्तीर्ण असलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीचा शिक्का लागत नाही, हे आपण सोय म्हणून पाहतो. त्याची दुसरी बाजू अशी की मजूर म्हणून आखातात जाणाऱ्याचा करार सरकारी कार्यालयाच्या नजरेखालून जातो, आणि एम.ए. झालेल्याचा करार त्याच्या स्वतःच्याच नजरेखालून जातो. म्यानमारमधील म्यावाड्डीच्या फसवणूक केंद्रांत अडकलेले भारतीय तरुण थायलंडमधील नोकरीच्या नावाखालीच नेले गेले होते, आणि परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याबाबत सूचनाही काढली होती. त्यांना संगणकाचे काम सांगितले होते, शिकवण्याचे नव्हे, हे खरे. पण पर्यटक म्हणून या, पुढचे तिथे पाहू, हे वाक्य तेच होते.

लळिंग

एक व्यावहारिक प्रश्न. तिकडे कळण्याचे पीठ मिळते का? भरिताची वांगी?

हतनूर

वांगी मिळतात, हिरवी आणि लांब. भरीत होते, पण जळगावचे होत नाही. कळण्याचे पीठ आईने दिलेले चार महिने पुरवतो. केळी मात्र अशी मिळतात की यावलच्या माणसानेही मान डोलवावी. आणखी विचारायचे असेल तर वेगळा धागा काढूया, येथे ताईंचा प्रश्न राहू द्या.

तोरणमाळ

मुलीचे काय, हे कोणीच विचारले नाही. माझी आई मी सात वर्षांचा असताना नोकरीसाठी नाशिकला गेली, नंदुरबारहून नाशिक, परदेश नव्हे. आजीने उत्तम सांभाळले. तरीही शाळेच्या गॅदरिंगला कोण येणार, हा प्रश्न मला दरवर्षी पडत असे.

सातपुड्याची_लेक

तोरणमाळ, आपले दुःख नाकारत नाही. परंतु वडील सुरतेला गेले असते तर आपण हेच लिहिले असते का, याचाही विचार व्हावा. माझा मुलगा माझ्याच शाळेत शिकतो आणि शिक्षकांच्या पाल्यांना शुल्कात सवलत आहे. ताईंनी मुलाखतीत हे संकोच न करता विचारावे. थायलंडच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांचे शुल्क ३२,००० बाटांत झेपेल का, हे हतनूर अधिक चांगले सांगतील.

हतनूर

चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेचे झेपणार नाही. स्वतःच्या शाळेत सवलत मिळाली तर झेपेल. शिवाय करार दहा महिन्यांचा आहे की बारा, हे आधी पाहावे. शाळा मेच्या मध्यास सुरू होते आणि मार्चमध्ये संपते, आणि एजन्सीमार्फत आलेल्या शिक्षकांना सुट्टीचा पगार बहुधा मिळत नाही. ताईंचा मे महिना तिथेही बिनपगारी निघू शकतो, फक्त तो एप्रिल होईल.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहू शकले नाही, कारण सहामाही परीक्षेचे पेपर तपासणे आणि कापसाची पहिली वेचणी एकाच वेळी आली.

हतनूर दादा आणि गिरणा धरण यांनी सांगितल्याप्रमाणे मी एजन्सीला लेखी तीन गोष्टी विचारल्या : शाळेचे नाव व तिचे पत्र, प्रवासापूर्वी योग्य व्हिसा, आणि एजन्सीचा नोंदणी क्रमांक. दुसऱ्या दिवशी फोन आला की ‘मॅडम, बाकीच्या मुली एवढे प्रश्न विचारत नाहीत.’ चार दिवसांनी कराराचा मसुदा आला. त्यात नोकरी देणारी शाळा नव्हती, बँकॉकमधील मनुष्यबळ पुरवणारी एक कंपनी होती, मुदत दहा महिने होती आणि शाळेच्या नावापुढे ‘नंतर कळवण्यात येईल’ असे लिहिले होते. नोंदणी क्रमांक आजतागायत आलेला नाही. मी नकार कळवला. पैसे भरलेले नव्हते, याबद्दल दादांचे विशेष आभार.

जाण्याचा विचार मात्र सोडलेला नाही. मुख्याध्यापक सरांचे म्हणणे मी दोनदा वाचले आणि त्या रात्री झोप लागली नाही, हे प्रांजळपणे सांगते. पण दुसऱ्या दिवशी पगाराचा दिवस होता. जानेवारीत आखातातील शाळांना अर्ज करायचे आणि मेच्या सत्रासाठी थायलंडमधील दोन-तीन शाळांना थेट लिहायचे ठरवले आहे. टोईकची तयारी सुरू केली आहे. कपटा धरून ‘पेन’ म्हणण्याचा सराव मुलीला फार आवडला, तिचा कपटा माझ्याआधी हलतो.

आता नवी अडचण. माझ्या सर्व प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव आहे आणि पासपोर्ट सासरच्या नावाने आहे. ही दोन नावे एकाच बाईची आहेत, हे कशाने सिद्ध करावे?

सातपुड्याची_लेक

ताई, हे आपल्याकडील प्रत्येकीचे होते. प्रमाणपत्रावरील नाव बदलण्याच्या भानगडीत पडू नका. विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि तोही पदवीबरोबर प्रमाणित करून घ्या. नावातील बदलाची राजपत्रात प्रसिद्धी झालेली असेल तर त्याची प्रतही जोडा.

बोरीकाठ

लग्नाला नऊ वर्षे झाली, पण नोंदणी आम्ही कधी केलीच नाही. पासपोर्ट काढताना प्रतिज्ञापत्रावर भागले होते.

निवृत्त_मुख्याध्यापक

उशिरा नोंदणी होते, दंड किरकोळ असतो. आपल्या ग्रामसेवकांकडे अर्ज मिळेल. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागेल. दाखल्यावर इंग्रजी मजकूरही आहे याची खात्री तिथेच करून घ्या आणि नावांची इंग्रजी अक्षरे पासपोर्टशी एकेक करून जुळवा, तीच चूक बहुतेकांची होते. माझे मत बदललेले नाही, परंतु साक्षीदार कमी पडत असेल तर मी अमळनेरलाच असतो.

बोरीकाठ

सर, आपण आलात तर फार बरे होईल. यजमान म्हणतात की दुसरी वेचणी आटोपली की जाऊ. भटजी अजून आमच्याच गावात आहेत. लग्नपत्रिका मला कुठेच सापडत नव्हती, ती काल सासूबाईंनी आपल्या पेटीतून काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि काही न बोलता चहा टाकायला गेल्या.